काच कानाने बसते

त्याला सगळे समोर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे विस्तव. सकाळी दुकानाचं शटर मध्येच अडकलं की त्याचा दिवस चांगला जायचा, कारण रागवायला काहीतरी हक्काचं मिळायचं. शटर सुरळीत वर गेलं की पंचाईत. मग तो कारण शोधत आत यायचा, आणि शोधणाऱ्याला सापडतंच.

धंदा गाड्यांच्या काचांचा. त्यातही ज्या दारांना काचेभोवती चौकटच नसते, त्या दारांचा तो खास माणूस. साध्या गाडीची काच कशीही लावा, चौकटीत मुकाट बसते. पण भारीतल्या दोन दारांच्या गाड्यांची काच दारातून नुसती उभी असते, निराधार. दार उघडायला मूठ ओढली की ती नखभर खाली सरकते, दार लावलं की पुन्हा नखभर वर चढून छपराच्या रबरात शिरते. केसभर बाहेर झुकली तर गाडी वेगात जाताना फटीतून वारा शीळ घालतो. केसभर आत झुकली तर रबर कुरतडते. जावयाचा मान एक वेळ राखणं सोपं, या काचेचा नाही.

बाकीचे कारागीर काच आणि रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून दार लावतात आणि पट्टी ओढून बघतात. घट्ट आली की काच बसली, निघाले चहाला. विस्तवला या प्रकाराची भयंकर चीड. "कागद कारकुनाला लागतो," तो म्हणायचा. "काच हाताने लागते आणि कानाने बसते." काच लावायची, गाडी मोठ्या रस्त्यावर काढायची, रेडिओ बंद, पंखा बंद, तोंड बंद, आणि ऐकायचं. कुठून शीळ येते ते कान सांगतो. मग दाराचा आतला पुठ्ठा काढून नट किंचित फिरवायचा, पुन्हा रस्त्यावर. शीळ गेली की नटावर आणि पत्र्यावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. ही रेघ म्हणजे त्याची सही.

हे सगळं तो आपल्या मेहुण्याला शिकवत आला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच दुकानात केस पिकायला लागलेला. इतका कमी बोलायचा की विस्तव त्याला मौनीबाबा म्हणायचा. एक बोलत नाही आणि दुसरा थांबत नाही, म्हणून दुकान चाललं होतं.

गेलं वर्षभर मात्र एक चमत्कार घडत होता. पूर्वी एकेका काचेला फेऱ्यांवर फेऱ्या लागायच्या. आता विस्तवने लावलेली काच पहिल्याच फेरीत गप्प. शीळ नाही, कुजबुज नाही, काही नाही.

"याला म्हणतात हात बसणं," तो परतताना सांगायचा. "लिहून ठेव."

मेहुणा मान डोलवायचा आणि गाडी मागच्या पडवीत पुसायला न्यायचा. त्याला पुसायला फार वेळ लागायचा, त्यावरूनही विस्तव बोलायचा.

हात असा बसत चालला असताना जग मात्र बिघडत होतं. बायको हल्ली पुटपुटायला लागली होती. गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात बोलायची. दुकानामागच्या झाडावरची पाखरं तर निघूनच गेली. नगरपालिकेने फांद्या छाटल्या त्याचा हा परिणाम, असं ठरवून विस्तव थेट कचेरीत जाऊन भांडून आला. तिथला साहेब बिचारा सज्जन. तो स्वतः झाड बघायला आला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "मिस्त्री, पाखरं आहेत की."

"असतील तर बोलत का नाहीत?" विस्तव म्हणाला. 

अशात गाणं शिकवणाऱ्या बाईंची गाडी आली. गाडी खरी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गेला आणि ही लांब नाकाची, गडद हिरवी, बसल्यावर जमिनीला टेकलो की काय असं वाटणारी गाडी बाईंच्या गळ्यात पडली. विकून टाका, असं सगळे म्हणाले. बाईंनी विकली नाही, कारण त्यांना तिचा वेगळाच उपयोग सापडला होता. घरी आवाज लावला की शेजारी भिंतीवर ठोकायचे. म्हणून बाई रोज सकाळी गाडी काढायच्या, काचा वर करायच्या आणि मोकळ्या रस्त्यावर तासभर गायच्या. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, बाई कुणाला तरी झापतायत.

दोन थरांच्या त्या काचांमध्ये आता हवा शिरली होती आणि कडा मोतीबिंदू झाल्यासारख्या दुधाळ पडल्या होत्या. अशा काचा मिळवता मिळवता विस्तव जेरीस आला. पण मिळाल्या. त्याने दारांचे पुठ्ठे काढले, जुन्या काचा लेकराला पाळण्यातून उचलावं तशा उचलल्या आणि नव्या बसवल्या. वर किती चढायचं ते ठरवलं, आत किती झुकायचं ते ठरवलं, आणि काच वर नेणाऱ्या मोटरीला नवी हद्द शिकवली. मग रस्त्यावर एक फेरी. काच गप्प. पिवळी रेघ ओढली, पुठ्ठा ठोकला.

नेमका त्या दिवशी मेहुणा दाढ काढायला गेला होता. त्यामुळे गाडी न पुसताच बाईंच्या हाती गेली.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. "मिस्त्री, डावी काच शीळ घालते."

"नाही घालत."

"घालते. मी गाते त्याच्या नेमकी शेजारच्या सुरात घालते. त्यापेक्षा शेजारी भिंतीवर ठोकतात ते बरं, ते निदान तालात असतं."

"बाई, वय झालं की शिळा ऐकू येतात," विस्तव म्हणाला. "कानाच्या डॉक्टरला दाखवा."

बाईंनी फक्त गाडीचं दार उघडून धरलं. विस्तव शेजारी बसला आणि मेहुण्याला मागे कोंबलं. त्या गाडीची मागची बैठक पिशवी ठेवण्यापुरती, मेहुण्याचे गुडघे हनुवटीला लागले. मोठ्या रस्त्यावर बाईंनी वेग घेतला.

"ही बघा," त्या म्हणाल्या.

विस्तवने कान लावला. चाकांचा घोंघाट होता, इंजिनाची घरघर होती. बाकी शुकशुकाट. "कुठाय?"

"ही काय, सतत चालूय. तुम्ही सांगा हो, मागचे."

विस्तवने आरशात बघितलं. मौनीबाबाचा चेहरा दाढ दुखावी तसा झाला होता. पण दाढ तर काढून झाली होती.

"दाजी म्हणतात ते... बघावं लागेल," मेहुणा म्हणाला. या वाक्याचा अर्थ कुणालाच लागला नाही, आणि तोच त्याचा हेतू होता.

बाई गाडी ठेवून रिक्षाने गेल्या. विस्तव दुपारभर धुमसत राहिला. पाने आपटले, चहा परत पाठवला. राग काढायला काम हवं म्हणून त्याने रांगेतली दुसरी गाडी घेतली. दातांच्या डॉक्टरांची चंदेरी गाडी, काचेचं बटण अडकत होतं एवढंच. मागे काचही त्यानेच लावलेली. पुठ्ठा काढला आणि त्याचा हात थांबला.

पत्र्यावर त्याची पिवळी रेघ होती. नटावरही होती. पण दोन्ही एका ओळीत नव्हत्या. नट रेघ ओढल्यानंतर कुणीतरी फिरवला होता.

कुणीतरी म्हणजे कोण, यासाठी फार डोकं लागत नव्हतं. दुकानात माणसं दोनच.

"मौनीबाबा," तो म्हणाला. तो ओरडला नाही, आणि मेहुणा त्यानेच घाबरला. "हा नट कुणी हलवला?"

"मी."

"कधी?"

"पुसताना."

"आणि बाकीच्या?"

मेहुण्याने हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. "जवळजवळ सगळ्याच, दाजी. वर्ष झालं."

यानंतर विस्तव जे बोलला त्यातलं निम्मं छापता येणार नाही. उरलेल्या निम्म्यात घरभेदी, अस्तनीतला निखारा, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा आणि माझ्या सहीखाली आपलं घोडं दामटणारा, एवढं होतं. मेहुणा ऐकत राहिला. मग वर्षभराचं एकदम बोलला.

"काच कानाने बसते, हे कुणी शिकवलं? तुम्ही. शीळ येतेय हे मला कळत होतं, तुम्हाला कळत नव्हतं. मग मी काय करायचं? कान कापून तुमच्या हातात ठेवू? की गिऱ्हाइकासमोर सांगू, आमच्या दाजींना ऐकू येत नाही म्हणून? मला पण राग येतो, दाजी. मला फक्त तो करायला जागा मिळत नाही, सगळी तुम्हीच अडवून ठेवलीय."

विस्तव तडक घरी आला. बायको भाजी निवडत होती.

"तुझा भाऊ चोर आहे."

"कळलं वाटतं," बायको म्हणाली.

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं?"

"अहो, दूधवाल्यालाही ठाऊक आहे. तो बेल वाजवत उभा असतो आणि तुम्ही बेलखालीच पेपर वाचत बसता. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणालात, तू पुटपुटतेस. आता मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीला ऐकू जाईल इतकं घसा फोडून पुटपुटते."

तो जेवायला बसला नाही. मग बसला, आणि भाजीला मीठ नाही म्हणाला. मीठ होतं. खरा राग कशाचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हात होते तसेच होते, त्यांना कंप नव्हता. पण कान गेला की मिस्त्री गेला. मागे उरतो तो नुसता एक रागीट म्हातारा, आणि तसले तर प्रत्येक गल्लीत फुकट मिळतात. वर्षभर तो ज्याला आपला हात बसणं समजत होता, ते आपला कान बसणं होतं. आणि त्या शांततेची त्याने छाती फुगवून फुशारकी मारली होती, साक्षात मेहुण्यासमोर.

सकाळी शटर अडकलं. त्याला त्याचाही आनंद झाला नाही.

बाई आल्या तेव्हा त्यांची गाडी आणि किल्ली देऊन, दुसरीकडे जा, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते वेगळंच. "बाई, तुमची शीळ मला ऐकू येत नाही." हे त्याने असं म्हटलं, जणू बाईंनीच ती लपवून ठेवलीय.

बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. "वरचे सूर आधी जातात," त्या म्हणाल्या. "माझ्या गुरुजींचे गेले होते. ते तर माझ्याच नावाने ओरडायचे. खालचे येतात ना ऐकू?" आणि त्यांनी तिथेच, दुकानाच्या दारात उभं राहून, खालच्या पट्टीत एक सूर धरला. "हीच तुमची शीळ, फक्त दोन मजले खाली आणलेली. ही येते?"

"येते," विस्तव म्हणाला. त्याला ते आवडलं नव्हतं.

"मग झालं. जोवर ती वाजेल तोवर मी गाईन. ती जाईल तेव्हा मी गप्प."

मेहुणा चालवायला बसला. यावेळी मागे बाई, पदर सावरून, गुडघे हनुवटीशी. डाव्या काचेपाशी विस्तव, दाराचा पुठ्ठा काढलेला, मांडीवर पाने. मोठ्या रस्त्यावर वेग वाढताच मागून सूर सुरू झाला. विस्तवचं तोंड वाकडं झालं. इतकी मोठी शीळ, आणि त्याने तिच्यावर रेघ ओढून दिली होती.

"थांबव," तो मेहुण्यावर खेकसला. उतरून नट फिरवला. पुन्हा वेग, पुन्हा सूर, आता जरा बारीक. पुन्हा थांबव. काचेचा मागचा कोपरा केसभर आत. पुन्हा सूर, पण तुटक तुटक. विस्तव काचेला शिव्या देत होता, रबराला देत होता, बाईंच्या दिवंगत भावाला असली गाडी घेतल्याबद्दल देत होता, आणि बाई त्यातूनही सूर सोडत नव्हत्या. बसच्या थांब्यावरची माणसं ही वरात परत परत जाताना बघत होती.

एका फेरीला मागून काहीच आलं नाही.

"का थांबलात? दम लागला?"

"शीळ थांबली."

विस्तवने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने मान डोलवली.

"मान काय डोलवतोस? वर्षभर तेच केलंस. तोंडाने सांग."

"बसली, दाजी," मेहुणा म्हणाला. खणखणीत आवाजात, बसच्या थांब्यालाही कळावं असं.

विस्तवने डबीतून पिवळा रंग आणि कुंचला काढला. नटाकडे बघितलं. मग कुंचला मेहुण्यापुढे धरला, जसं काही मेहुण्यानेच मागून मागून त्याचा जीव नकोसा केला होता. "घे. ऐकलं तू, रेघ तुझी. पण यापुढे माझ्यासमोर. पडवीत जाऊन पुसायचं बंद."

मेहुणा दाराशी वाकला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची रेघ ओढायची, म्हणून त्याने कुंचला दोनदा डबीच्या कडेला निथळला आणि मग ओढली.

"वाकडी ओढलीस," विस्तव म्हणाला, आणि गाडी दुकानात येईपर्यंत त्या एका रेघेवरूनच बोलत राहिला.