खिंडीतली हवा

गाडीत माणसं तीन, जाकिटं चार, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन आणि रिकामी एक. रिकामी बाटली मागच्या सीटवर शलाकाच्या मांडीत आहे. बाटलीच्या दोन्ही कुशी आत दबल्या आहेत. गेल्या वर्षी अमेरिकेत, युटातल्या याच रस्त्यावर, वरच्या खिंडीत, बाबांनी ती झाकण लावून बंद केली होती. "खाली गेल्यावर बघ कशी चेपते," म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना धाप लागली. सहल तिथेच मोडली. त्याच आठवड्यात बाबा गेले.

झाकणावरून बाटलीच्या मानेपर्यंत आईच्या नेलपॉलिशची लाल रेघ आहे. सातपूरच्या कारखान्यात बाबा आवळलेल्या प्रत्येक नटावर अशी रेघ ओढायचे. नट जरा जरी फिरला की रेघ तुटते, लांबूनही कळतं.

"खिंडीत उघडू या गं ती," पुढून आई म्हणते. "ह्यांनी बंद केली तिथेच."

"नाही."

"वर्ष झालं, शलू."

"आत त्यांच्या हातची हवा आहे, आई. झाकण काढलं की संपलं."

गाडी चालवणारा ओजस, तिचा भाऊ, गाण्याचा आवाज कमी करतो. मग बंदच करतो.

राष्ट्रीय उद्यानाचे लाल कडे खिडकीतून मागे सरकतायत. दुपारचं ऊन तिच्या पापण्यांवर येतं, जातं, येतं. कड्यांना बोल्ट आहेत. डोक्याएवढे, ओळीने, आणि प्रत्येकावर लाल रेघ. खाली रंगाचा डबा घेऊन बाबा उभे आहेत. अंगात ते चौथं जाकीट.

"हे तर गाडीत होतं," शलाका म्हणते.

"थंडी वाजली, घेतलं. तुझी आई काय मला विचारून बॅगा भरते?"

"अजून किती राहिलेत?"

"अख्खा डोंगर. या देशात सगळंच अवाढव्य, वैताग नुसता."

ऑइलचा वास येतो. कड्याच्या जागी शेड आहे, शेडमध्ये हॉस्पिटलचा बाक, आणि बाबा त्यावर टेकलेले.

"धाप लागतेय का, बाबा?"

"मला आता कशाची लागतेय? हिला लागलीय." ते बाटलीकडे बोट दाखवतात. "कुशी बघ कशा आत गेल्यात."

"ते दाबामुळे."

"दाब जास्त कुठे, आत की बाहेर?"

"बाहेर."

"मग झाकण सैल केलं तर? बोल की. पदवी कशात घेतलीस?"

"हवा आत जाईल."

"म्हणजे माझं काही सांडणार नाही."

"मिसळेल, बाबा. मग तुमची कुठली, बाहेरची कुठली, कसं ओळखायचं?"

बाबा बराच वेळ डब्यातला रंग ढवळत राहतात. रंग वाळलेला आहे.

"इतके दिवस एक श्वास कुणी धरून ठेवतं का गं?"

ते हात पुढे करतात. ती बाटली देते. त्यांची बोटं झाकणावर बसतात, पण फिरत नाहीत. ते तिच्याकडे बघून ओशाळं हसतात. पूर्वी घरातल्या लोणच्याच्या घट्ट बरण्या सगळे त्यांच्याकडेच आणायचे.

"जोर नाही राहिला, शलू. तूच बघ."

बाक रिकामा होत जातो, आधी जाकीट, मग हात. ती डोळे मिटून झाकण धरते.

"शलू! कसला गं आवाज झाला?" आई वळून बघतेय. "काहीतरी ताडकन वाजलं."

शलाकाच्या कानांना दडे बसलेत. गाडी चढणीवर आहे. घड्याळावर उंची दोन हजार एकशे चाळीस मीटर. खिंड अजून जवळजवळ आठशे मीटर वर. इतक्या खाली बाटली चेपलेलीच असायला हवी.

ती पूर्ण गोल आहे. झाकण जागेवर आहे.

"काय झालं?" ओजस आरशातून विचारतो.

शलाका पिशवीतून स्टीलची पट्टी काढते, बाटली उजेडात धरते आणि लाल रेघेच्या दोन टोकांमधलं अंतर मोजते.

सहा मिलिमीटर.