नानांचा गुळगुळीत काप

माझ्या सासऱ्यांना, नानांना, कुणी लाकूडतोड्या म्हटलं की राग यायचा. ते स्वतःला कारागीर म्हणवायचे. फांदी कापली की ती जागा खोडाशी इतकी सपाट करायचे, की हात फिरवला तर कुठे अडकायचा नाही. वर गेरू फासायचा, खाली उतरायचं आणि मागे सरकून आपलंच काम बघत राहायचं. नांदगावकडून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाने याच हातावर नाशकात घर बांधलं, हे मी लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा, द्वारका चौकाच्या मागे एका सोसायटीत गुलमोहर छाटायला चढला. ज्या फांदीला त्याने दोर बांधला ती फांदी मोडली आणि त्याला घेऊन खाली आली. खुबा कायमचा गेला. फांदी आतून पोकळ होती. मोडली तिथे खालच्या अंगाला नानांनी पूर्वी केलेला काप होता, गुळगुळीत, गेरूचा रंगही अजून शिल्लक. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला आणि वाळवीला शिव्या दिल्या. नानांनी मात्र दवाखान्याच्या दारातच निकाल देऊन टाकला.

"याला पारख नाय. चढायच्या आधी फांदी पारखावी लागती."

तेव्हापासून नवरा ओट्यावर खुर्चीत, आणि नानांच्या तोंडात ते वाक्य. पाहुणे आले की पारख, भाजीवाला आला की पारख, वांगं किडकं निघालं तरी पारख. नवरा मान खाली घालून ऐकायचा, कारण त्यालाही ते खरं वाटत होतं. मला दोघांचाही राग यायचा. नानांचा जरा जास्त.

दोर धरणं, मजूर सांभाळणं, गिऱ्हाइकांशी बोलणं हे मी आधीपासून करत होते. नवरा पडल्यावर झाडावरही चढायला लागले. मग मोठ्या सोसायट्या विचारू लागल्या, तुमच्याकडे झाडांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेलं कोण आहे? तसा एक वर्ग शहराबाहेरच्या नर्सरीत भरणार होता. मी नाव घातलं. नानांनीही घातलं. शिकायला नाही, मास्तरला शिकवायला जातोय असं ते गल्लीभर सांगत फिरले.

मास्तर पुण्याचा, नानांच्या नातवासारखा दिसणारा. पहिल्याच दिवशी त्याने एक ओंडका आणला आणि पहिल्या रांगेतल्या नानांच्या मांडीवर ठेवला. ओंडक्यावर फांदी कापल्याची जागा होती. काप कसा वाटतो, एवढंच त्याने विचारलं. नानांनी डोळे मिटून त्यावर बोटं फिरवली, लग्नात शालू चाचपतात तशी.

"याला म्हनत्यात हात," ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "आरशावानी हाय. ज्यानं केलं त्याच्या पाया पडा."

मास्तरने ओंडका उलटा केला. मागून तो उभा चिरलेला होता आणि आत नुसता तपकिरी भुसा. तो भुसा नानांच्या धुवट पांढऱ्या पायजम्यावर सांडला. अख्खा वर्ग हसला. मीही हसले.

मग मास्तरने समजावून सांगितलं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, त्याला कॉलर म्हणतात. जखम भरून काढायचं काम झाड त्या कॉलरने करतं. फांदी कॉलरच्या बाहेर कापायची. सपाट दिसावं म्हणून कॉलरच उडवली तर जखम नीट मिटत नाही, कूज आत शिरते. बाहेरून वर्षानुवर्षं काही दिसत नाही. "आणि मग कुणीतरी भरवशाने तिथे दोर बांधतो," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो."

मी नानांकडे पाहिलं. ते पायजम्यावरचा भुसा झटकत होते. भुसा संपला तरी झटकत होते. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला आनंद झाला. इतका, की जेवणाच्या सुट्टीत मी दोन माणसांचं जेवले. नानांचा डबा तसाच पडला होता.

परत येताना स्कूटर मी चालवत होते, नाना मागे. द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो. तिथे ते माझ्या कानाशी वाकले.

"घरी बोलू नको."

"काय नको बोलू?"

"त्ये लाकडाचं."

"कुठल्या लाकडाचं, नाना?"

त्यांना गुलमोहर म्हणता येईना. मागून हॉर्न वाजत होते आणि मला कसलीच घाई नव्हती. शेवटी मीच सौदा ठरवला. मी घरी बोलणार नाही, त्यांनी पारख हा शब्द पुन्हा काढायचा नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून कबूल केलं. घरी नवऱ्याने विचारलं, काय शिकवलं? मी म्हटलं, करवतीला धार कशी लावायची ते.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाला एकेक फांदी कापून दाखवायची होती. नानांना कॉलर तोंडपाठ होती. पण करवत चालू झाली आणि हाताने जुनीच वाट धरली. फांदी पडली तेव्हा खोड आरशासारखं सपाट होतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. नाना नापास झाले, मी पास झाले.

काम मिळालं. कॉलेज रोडला एका बंगल्यातला कडुलिंब होता. हरसूलकडचे मजूर दोर सोडवत होते आणि नाना कमरेला झाडावर चढायचा पट्टा बांधून त्यांना व्याख्यान देत होते. मी करवत घेऊन मागून येत होते, ते त्यांना दिसलं नाही.

"कॉलर राखायची, काय? सपाट केलं का झाड आतून सडतं. माझ्या पोराला सांगून सांगून थकलो. पन त्याला पारखच नाय. म्हनून तर लंगडा होऊन बसलाय."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराने पोलिसात भरती झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"नाना, पट्टा काढा," मी म्हटलं.

"का?"

"काम माझ्या नावावर आहे. तुम्ही नापास आहात. इथून पुढे तुम्ही झाडावर चढायचं नाही आणि खालून शिकवायचंही नाही."

मजुरांनी माना खाली घातल्या. नानांना पट्ट्याचं बक्कल निघेना. मी मदत केली नाही. ते रिक्षाने घरी गेले.

सौदा त्यांनी मोडला होता. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, ओंडक्यापासून पट्ट्यापर्यंत. त्याने स्वतःच्या खुब्यावर हात ठेवला.

"वर्गातले हसले त्यांना?"

"हसले."

"तू?"

"मीपण."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग आतली दुसरी खुर्ची त्याने ओट्यावर, आपल्या खुर्चीशेजारी लावायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सरीतल्या वर्गाला निघाले होते. वर्षातून दोन-तीनदा असे वर्ग भरतात आणि मी आता एकही सोडत नाही. त्या दिवशीचा मुळांच्या रोगांवर होता. नाना सवयीने टोपी घालून बाहेर आले, आणि कुठे जायचं नाही हे ओट्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं. नवऱ्याने पेपरातून मान वर न करता म्हटलं, "पारखून बसा, नाना."

नानांनी खरंच खुर्ची हाताने दाबून पाहिली, आणि मग बसले.