कुठूनही होणारं काम

व्हिसा मिळाल्याच्या आनंदात मी मोखाड्याहून खोडाळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये हात पसरून जाहीर केलं, "आपलं काम लॅपटॉपवरचं! जगात कुठूनही होतं, म्हणून तर परदेशात राहायची परवानगी मिळाली."

शेजारी बसलेल्या आईनं विचारलं, "कुठूनबी?"

"कुठूनही!"

"मंग आपल्या घरूनबी?"

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हातारीनं पकडला!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. हे काम शहरातल्या ऑफिसातूनच होतं, असं मी तिला वर्षानुवर्षं सांगत आलो होतो.

घरी पोचल्यावर तिनं कोपऱ्यातली नागलीचं धान्य साठवायची कणगी सरकवली आणि विचारलं, "एवढ्यात टेबल मावंल?"

विमानाचं तिकीट काढलेलं असूनही मी खाली बसून वितीनं जागा मोजू लागलो.