रुमालाखालचा सौदा

धाराशिवकडच्या आमच्या वाशीच्या बाजारात शेळीचा भाव तोंडानं ठरत नाही. दोन व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. मी धंद्यात उतरले तेव्हा एकाही गड्यानं माझ्यापुढं रुमाल धरला नाही. बाईच्या हाताला हात कसा लावायचा, हे त्यांचं कारण. मग मी भाव मोठ्यानं सांगायला लागले, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा. लोक मला भांडकुदळ म्हणाले. अजून म्हणतात. म्हणोत. शेळ्या माझ्याकडूनच घेतात.

दहावीनंतर काय करायचंय, हे मला कुणी विचारलं नव्हतं. वडिलांनी आणि गुरुजींनी वर्गाबाहेर उभं राहून हळू आवाजात ते ठरवलं, आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तो राग मी जपून ठेवलाय.

यंदा तो कामाला आला. धाकट्या बहिणीची मुलगी दहावीत आहे. गल्लीत कुणाचा मिक्सर, पंखा, फवारणीचा पंप बंद पडला की तो तिच्याकडं येतो. पुढच्या वाटा दाखवायच्या म्हणून शाळेनं मुलांना धाराशिवला न्यायचं ठरवलं. मुलगे आयटीआय बघणार, मुली नर्सिंग कॉलेज. भाचीला आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा वर्ग बघायचा होता. बापाला सांगायची छाती झाली नाही, म्हणून ती माझ्याकडं आली.

मी शाळेत गेले तर तिचे वडील, आमचे पाव्हणे, आधीच पोचलेले. ते आणि मुख्याध्यापक व्हरांड्यात कुजबुजत होते. मला बघून सर लगबगीनं पुढं आले.

"या आक्का, चहा घ्या," सर म्हणाले.

"चहा नंतर. आधी रुमाल काढा. काय ठरलं ते पोरीसमोर बोला."

"आक्का, पोरांच्या गाडीत एकटी पोरगी कशी पाठवू?" पाव्हणे म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"एकटी कशाला? सगळ्याच पोरी न्या आयटीआयला." हवं त्यापेक्षा जास्तच मागायचं असतं.

सर दचकले. "सगळ्या कशा जातील? नर्सिंगवाल्यांना शब्द दिलाय."

"मग तिकडं पोरं न्या."

"असं कुठं असतंय व्हय, आक्का?"

"न्हाय ना? मग वर्गात जाऊन एकेकाला विचारा. जो जे मागंल ते त्याला दाखवा."

सरांनी सुस्कारा सोडला. "विचारतो. पण तिचं तिनं मागायचं. तुम्ही मधी बोलायचं न्हाय."

मी कबूल केलं. मला तेवढंच हवं होतं. पाव्हणेही हसले. पोरगी तोंड उघडणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

सर बाकाबाकानं विचारत गेले. मुली मान खाली घालून नर्सिंग म्हणत होत्या. भाची उभी राहिली, तिनं दारातल्या बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझी जीभ वळवळत होती. मी पदर दातात धरला.

"मला वायरिंग शिकवतात तो वर्ग बघायचाय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

नर्सिंग म्हणालेली एक मुलगी परत उठली. "सर, मी बदलू का?" मागच्या बाकावरच्या एका मुलानं नर्सिंग मागितलं. पोरं फिदीफिदी हसली.

"हसताय काय?" मी म्हणाले. "आजारी पडल्यावर त्याच्याकडंच जाताल." गप्प राहायचा शब्द मी भाचीपुरता दिला होता.

ती गेली, बघून आली. प्रवेशाला पाव्हण्यांनी अजून होकार दिलेला नाही. परवा माझ्या दारात येऊन म्हणाले, "आक्का, बिघडवली तुम्ही तिला. जेवताना समोर बसती अन् का नको ते सांगा म्हणती."

"मग सांगा की. मोठ्यानं."

ते आल्या वाटेनं परत गेले. प्रवेशाला अजून अवकाश आहे, आणि बाजार उठेपर्यंत उभं राहायची मला सवय आहे. आता तिलाही लागलीय.