म्हशीआधी घर बघणाऱ्या बाई

"आधी घरात कोण आजारी हाय ते सांगा. म्हस कुठं पळून जात न्हाय."

आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गोठ्याच्या दारातच उभ्या राहून हे विचारायच्या. मग घरातल्या पोरांचे डोळे बघायच्या, गोठ्यातलं पाणी कुठं जातं ते बघायच्या, आणि सगळ्यात शेवटी म्हशीला हात लावायच्या. तुम्ही असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. आमची गल्ली तर उघडच म्हणायची, "बाई म्हस बघाय आल्यात का सोयरीक जमवाय?"

मी गारगोटीजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेत कामाला. बाईंना घरोघरी न्यायचं काम माझ्याकडंच असे.

एकदा आमचीच म्हैस गाभडली, दिवस भरायच्या आतच रेडकू पडलं. मेलेलं रेडकू आणि त्यामागनं पडलेली वार आम्ही गावच्या रीतीनं ओढ्यात टाकली आणि बाईंना बोलावलं. नेहमीचा प्रश्न आला. आई म्हणाली, "धाकट्याला ताप हाय. पण त्यो आपला येतोय-जातोय."

धाकटा म्हणजे माझा भाऊ, पैलवान. संध्याकाळी ताप चढायचा, अंथरूण घामानं भिजायचं, कंबर धरायची. तालीम सुटली होती. जोर-बैठका मारणारा गडी भिंतीला धरून उठायचा, ते बघवत नव्हतं. औषधं चालूच होती, आणि अशक्तपणावर आमचा घरचा उपायही. म्हशीखाली तांब्या धरायचा आणि धारोष्ण दूध तिथंच प्यायचं. आमच्याकडं पैलवानाला दूध तापवून देणं म्हणजे त्याचा अपमानच!

"दूध तापीवताय का न्हाय, मावशी?"

"पैलवान हाय त्यो, बाई," आई ठसक्यात म्हणाली. "तापीवल्यावर कस ऱ्हातोय व्हय त्यात?"

बाईंनी रेडकू कुठं टाकलं ते विचारलं. मग हातमोजे चढवून स्वतः ओढ्यात उतरल्या. खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायकांना उठवलं, रेडकू बाहेर काढून खोल खड्ड्यात चुना घालून पुरायला लावलं. म्हशीचं रक्त घेतलं. भावाला शिटा भरून धावणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसवून कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ह्याची म्हस गाभडलीया. तिचाच ताप ह्याला हाय का बघा."

तोच निघाला, कच्च्या दुधातनं आलेला. म्हैस, भाऊ आणि ओढा आम्हाला वेगवेगळे दिसत होते, बाईंना ते एकच दुखणं दिसलं.  आजही ते आठवलं की हात आपोआप जोडले जातात.

बऱ्याच दिवसांच्या गोळ्यांनी भाऊ उठला, पुन्हा लाल मातीत उतरला.

पुढं बाईंची शाहूवाडीकडं बदली झाली. आम्ही दोघं भाऊ त्यांना एसटीवर सोडायला गेलो. पायरी चढताना बाई कमरेवर हात ठेवून थांबल्या. चेहरा पांढरा पडला.

"काय झालं, बाई?" भावानं विचारलं.

"तुझाच ताप, पैलवान. नवी नोकरी हुती, उघड्या हातानं गाभडलेल्या म्हशीची वार काढली. मला काय झालंय ते वळखणारं कोण भेटलंच न्हाय. कळंस्तवर कंबर गेली."

 भावानं बाईंना लहान पोरीसारखं उचललं आणि अलगद एसटीत ठेवलं.