मामाजी, खिळा काढा

आमच्या घरी चोरी झाली नाही, हे मान्य करायला मला महिना लागला.

दोष माझ्या नजरेचा. मी अमरावतीला एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि बावीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारून माझी नजर अशी झाली आहे की कोणी खिशात हात घातला की मला चिठ्ठीच दिसते. (एकदा एक पोरगा खरोखर रुमाल काढत होता. त्याला सर्दी होती. मी तो रुमाल पूर्ण उलगडून पाहिला. त्याबद्दल जास्त बोलत नाही.)

आमचे हे अकोल्याला नोकरीला. रोज रेल्वेनं अपडाऊन. मी सकाळच्या शाळेला गेले की घरी एकटे मामाजी, म्हणजे माझे सासरे. वय एकोणऐंशी, साखरेचा त्रास, आणि सगळी नोकरी मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या लाइनवर रुळांचे सांधे बदलण्यात गेलेली. त्यांच्या साखरेचा बंदोबस्त माझ्याकडे होता. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तशी मी माझ्या मनानं सकाळची एक पोळी कमी केली. घरात गोड दिसू द्यायचं नाही, असा माझा कायदा.

आता खिडकी. आमच्या स्वयंपाकघराला मागच्या अंगणाकडे उघडणारी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. तिची कडी कधीच तुटलेली. बाहेरून लोखंडी गज आहेत, पण त्यातून हात सहज जातो. खिडकीला लागूनच मागचं दार. म्हणजे कोणीही बाहेरून काच सरकवावी, गजातून हात घालावा आणि दाराची आतली कडी काढून सरळ घरात यावं. घर बांधणाऱ्यानं चोराची एवढी काळजी घेतली होती. आमची कोणी घेतली नव्हती.

मार्चमधल्या एका दुपारी शाळेतून आले तर ती खिडकी वीतभर उघडी.

"मामाजी, खिडकी कोणी उघडली?"

"हवेनं उघडली असन."

"हवेला हात असतात का?"

"उनाळ्याची हवा हाय शोभा. तिले सगळं असते."

मी नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर मुंग्यांची रांग. तिसऱ्या दिवशी माझ्या भांड्यांत एक स्टीलची वाटी सापडली, जी आमची नव्हती. आमच्या प्रत्येक वाटीवर नाव घातलेलं आहे. हिच्यावर काही नाही. संध्याकाळी हे आल्यावर मी वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"चोर घरात येऊन गेला."

"अन् वाटी ठेवून गेला?"

"आधी विश्वास संपादन करतात."

"कोनाचा? मुंग्याईचा?"

ह्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. अशा माणसाच्या भरवशावर मी संसार केला आहे.

संशयितांची यादी मी मनातल्या मनात केली. दूधवाला. मीटर पाहायला येणारा. आणि सगळ्यात वर, शेजारचे इंगळे काका. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हातात सगळी हत्यारं, आणि त्यांचं स्वयंपाकघर आमच्या स्वयंपाकघरासमोर, मध्ये फक्त कंपाऊंडची भिंत. माणूस वरून फार गोड. पण त्याच आठवड्यात त्यांनी मला फाटकाशी थांबवून विचारलं होतं, "मॅडम, तुमची शाळा किती वाजता सुटते?" दोन दिवसांनी परत, "तुमी येईपर्यंत काकाजी एकटेच राह्यते का घरी?" चोर याहून वेगळं काय विचारतो? तेव्हापासून शाळेतून आले की मी त्यांच्या खिडकीवर नजर ठेवायला लागले.

खिडक्या बनवणाऱ्याच्या दुकानात गेले. त्यानं मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, या खिडकीचं लॉक आता येत नाही. पूर्ण खिडकीच बदला." मी त्याचंही नाव यादीत घातलं आणि लॉक स्वतःच बनवायचं ठरवलं.

पहिला प्रयोग लाटण्याचा. खिडकीच्या खालच्या पन्हळीत लाटणं आडवं ठेवलं, की काच सरकत नाही. फारच सुंदर. पण पोळ्यांच्या वेळी घर असुरक्षित होतं, ही एक अडचण. शिवाय काचा दोन असतात आणि दोन्ही सरकतात. मी उजवी अडवली होती. चोर डावखुरा निघाला तर?

दोन दिवस मी त्या खिडकीसमोर बसून विचार केला. खिडकी बंद असताना दोन्ही काचांच्या चौकटी मध्यभागी एकीवर एक येतात. तिथं आतून एकच भोक असं पाडायचं की एक चौकट आरपार जाईल आणि दुसरीत अर्धं शिरेल. त्यात खिळा घातला की संपलं. ना ही काच सरकणार, ना ती. दोन जावांसारख्या एकमेकींना धरून बसतील. लागणारं सामान, एक चार इंची खिळा. दुकानदाराला पूर्ण खिडकी लागत होती.

फक्त भोक पाडायला ड्रिल हवं होतं, आणि आमच्या लाइनीत ड्रिल एकाच माणसाकडे होतं.

"मीच पाडून देतो ना मॅडम," इंगळे काका म्हणाले. "कशाले हवं हाय?"

"शाळेतला प्रयोग आहे," मी म्हटलं.

आणि घरी येऊन, त्यांच्याच खिडकीसमोर, त्यांच्याच ड्रिलनं, त्यांच्यासाठी लॉक बसवायला घेतलं. समोर इंगळे काकू भाजी निवडत होत्या. त्या भाजी निवडायच्या थांबल्या आणि पाहत राहिल्या. शाळेतला प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात का चालला आहे, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नसावा.

भोक छान पडलं. फक्त ड्रिल चालवण्याच्या नादात खिडकी पूर्ण लागलेली नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. खिळा ठोकल्यावर खिडकी पक्की बंद झाली, पण दोन बोटं उघडी. दुसरं भोक पाडायचं तर ड्रिल परत मागावं लागलं असतं. मी ह्यांना सांगितलं, "मुद्दाम ठेवलंय. हवा खेळती राहते."

रविवारी चाचणी घेतली. ह्यांना स्क्रू ड्रायव्हर देऊन मागच्या अंगणात उभं केलं आणि म्हटलं, चोरासारखं उघडून दाखवा. अर्धा तास घाम गाळला, खिळा हलला नाही. मी त्याच्यावर दोरा गुंडाळून तो वरवंट्यानं ठोकला होता. मामाजी खुर्चीत बसून पाहत होते.

"शोभा, आगगाडी अडवाची हाय का?" मग थोड्या वेळानं, "मले काढाचा असला त कसा काढू?"

"तुम्हाला कशाला काढायचाय?"

ते काही बोलले नाहीत. एवढ्या गोष्टींची नोंद घेणारी मी, त्या न बोलण्याची नोंद मात्र घेतली नाही.

पुढचे चार दिवस मी विजयात काढले. मुंग्या बंद, परक्या वाट्या बंद. मामाजी जरा सुस्त वाटत होते, ते मी उन्हावर टाकलं. इंगळे काकूंनी माझ्याकडे पाहणं सोडलं. मी हसले, की त्या दोरीवरचे ओले कपडे काढून आत जात. पकडलं गेल्यावर माणूस असाच वागतो, असं मी ह्यांना समजावून सांगितलं.

पाचव्या दिवशी साडेबाराला घरी आले. बेल वाजवली. दार उघडलं नाही. दार वाजवलं. फोन लावला, तो आतच वाजत राहिला. मी पळत मागं गेले आणि खिडकीतून पाहिलं. मामाजी ओट्याजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, अगदी काचेला लागून, मान कलती, सदरा घामानं भिजलेला, डोळे अर्धवट.

"मामाजी, दार उघडा."

"सिग्नल नाई भेटला."

मी काच वाजवली. "मामाजी, मी शोभा."

"कोन्ती गाडी हाय?"

मी गजातून हात घातला. दोन बोटं आत गेली आणि तळवा अडला. कडी तिथून हातभर अंतरावर. पाच दिवसांपूर्वी कोणीही शेंबडं पोर ती काढू शकलं असतं. मी खिडकी हलवली, ओढली, गजातून तिला ढकललं. लॉक उत्तम होतं.

"मामाजी, खिळा काढा. तुमच्या समोर आहे. तो खिळा काढा."

"खिळा काढला त गाडी रुळावरून उतरन बाई. मले सस्पेंड करतीन."

तेव्हा मी ओरडले. ज्यांच्यासाठी लॉक केलं होतं, त्यांच्याच नावानं ओरडले. इंगळे काका हत्यारांची पेटी घेऊन भिंतीवरून उतरले. काकू फाटकातून पळत आल्या. काकांनी तार घातली, पकड घातली, स्क्रू ड्रायव्हर घातला. खिळा जागचा हलेना.

"कोनं बसवला हा?"

"मी."

"चांगला बसवला," ते म्हणाले. टोमणा नव्हता, कारागिराची दाद होती. म्हणून जास्त लागली.

"काच फोडा," मी म्हटलं.

"काकाजी काचेखालीच बसले हाय ना. तोंडावर पडन त्याईच्या."

मी ह्यांना फोन लावला. रडू आवरत फक्त एवढंच म्हणता आलं, "खिडकी उघडत नाहीये."

"वा," अकोल्याहून हे म्हणाले, "म्हनजे लॉक जमलं."

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सरका मॅडम." त्यांच्या एका हातात गुळाचा खडा होता, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं उलथणं. "याईची साखर उतरली हाय. अकरा वाजले का रोजच उतरते."

"रोज?"

"मंग मी वाटीभर गूळ-शेंगदाने कावून देत होती खिडकीतून? एक दिवस हात थरथर करून राह्यले होते त्याईचे, तवापासून देतो. तुमी खिडकीले खिळा ठोकला. मले वाटलं, आमच्यावर शक हाय तुमचा. म्हनून बंद केलं."

शक होताच.

काकूंनी उलथण्याच्या टोकावर गुळाचा खडा दाबून बसवला आणि ते गजातून, दोन बोटांच्या फटीतून, आडवं करून आत सरकवलं, थेट मामाजींच्या तोंडाशी. मामाजींनी तोंड मिटून घेतलं.

"हे काय हाय?"

"लाइन क्लिअर हाय काकाजी," काकू शांतपणे म्हणाल्या. "घ्या."

मामाजींनी तोंड उघडलं. बावीस वर्षं शिकवून मला जे सुचलं नाही, ते त्या बाईला एका वाक्यात सुचलं.

तीन खडे गेले. आम्ही तिघं गजाला धरून उभे. दहा-पंधरा मिनिटांनी मामाजींनी कपाळ पुसलं, इकडंतिकडं पाहिलं, उठले आणि मागच्या दाराची कडी काढली. समोर आम्ही. ते मला ओलांडून पुढे झाले. काकूंकडे पाहून म्हणाले, "अवं इंगळेबाई, चार दिवस झाले, होती कुठं तू?"

संध्याकाळी हे मामाजींना घेऊन डॉक्टरांकडे गेले. मीही गेले, गुन्हेगार म्हणून. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, गोळी कमी केली, काढलेली पोळी परत द्यायला सांगितली आणि म्हणाले, "त्या शेजारच्या बाईंनी इतके दिवस सांभाळलं म्हणून बरं." रिक्षात हे म्हणाले, "नशीब, तुह्यं भोक चुकलं. बरोबर पडलं असतं त गूळ कुठून घातला असता?"

मी मामाजींना विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगनार होतो. पन तू हवेवरच शक घेतला. मंग मी म्हनलं, बिचाऱ्या इंगळेबाईचं नाव कावून घ्याव?"

दुसऱ्या दिवशी मी ती बिननावाची वाटी घासूनपुसून, शंकरपाळे भरून, माफी मागायला निघाले. काकू स्वयंपाकघरातच असतात, म्हणून सरळ त्यांच्या खिडकीशी गेले. काच सरकवली. सरकली नाही. वाकून पाहिलं तर आत खिळा. माझाच नमुना, फक्त सफाईदार काम.

इंगळे काका आतून खिळा काढायला आले.

"काका, तुमच्याकडे कशाला हे लॉक?" मी विचारलं. "चोराचा संशय आहे का?"

काका खिळा बोटांत फिरवत राहिले.

"चोराचा नाई मॅडम. तुमी शाळेतून आल्या का रोज आमच्या खिडकीतून पाहत राह्यता ना, थे हिले आवडत नाई."

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरावरून मान खाली घालून जाते. हे म्हणतात, त्यामुळं तू आणखीच संशयास्पद दिसतेस.