मेहरूणहून हरकत

जगात कुठेही, कसलाही नवा शोध लागला तरी त्याला पहिली लेखी हरकत जळगावच्या मेहरूणमधून जाते, आणि ती आमच्या हिच्या मामांची असते. शोध लावणाऱ्यांना हे अजून कळलेलं नाही, पण त्याला मामांचा इलाज नाही. त्यांच्या बाजूने काम चोख असतं. बातम्यांची एक मराठी वेबसाइट आहे, तिच्यावर तंत्रज्ञानाचं पान आहे. त्या पानावर बातमी पडायचा अवकाश, खाली मामांची प्रतिक्रिया हजर. घडी घालता येणारा फोन आला, हरकत. आपली आपण भाजी मागवणारा फ्रिज आला, हरकत. दातांची माहिती गोळा करणारा ब्रश निघाला तेव्हा तर एका दिवसात दोन हरकती गेल्या, एक मामांची स्वतःची आणि दुसरी मामींच्या कवळीच्या वतीने.

मामा सदतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. कागद आला की नोंद, कागद गेला की नोंद, मध्ये कुणी चहाला बोलावलं तर तोंडाने हो आणि हाताने नोंद. माणूस निवृत्त झाला, हात काही झाला नाही. इतर लोक बातमीखाली 'लय भारी' किंवा 'फालतूपणा' एवढं लिहून मोकळे होतात, तिथे मामा 'प्रति, मा. संपादक साहेब' इथून सुरुवात करतात. मग विषय, मग संदर्भ, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की', मग मुद्दे एक ते पाच, आणि शेवटी 'आपला विश्वासू'. प्रत्येक प्रतिक्रियेला जावक क्रमांक असतो आणि तो एका लांबट रजिस्टरात चढलेला असतो. विनाचालक मोटारीवरची त्यांची हरकत मला तोंडपाठ आहे. 'सदर मोटार परदेशातील रिकाम्या रस्त्यावर चालवून दाखविण्यात आलेली आहे. ती पारोळ्यात बाजाराच्या दिवशी चालवून दाखवावी. समोरून बैलगाडी, डावीकडून रिक्षा व मध्यभागी म्हैस बसलेली असता सदर मोटार प्रथम कोणावर ओरडणार, याचा खुलासा व्हावा.' फ्रिजला त्यांनी एवढंच विचारलं होतं की भरताचं वांगं हातात धरून तोलल्याशिवाय कळत नाही, तर सदर फ्रिजला हात आहेत काय.

हे सगळं मला इतकं ठाऊक, कारण हे माझ्या दुकानात घडतं. कोर्टाच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बरोब्बर अकराला मामा येतात, कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात, पिशवीतून रजिस्टर काढतात आणि मगच फोन काढतात. दीडला डबा, दोनला पुन्हा टेबल, साडेपाचला घर. रविवारी सुट्टी. मधल्या काळात कुणी त्यांना साधं 'काय मामा' म्हटलं तरी ते हात वर करून थांबवतात, आणि गिऱ्हाइकांना वाटतं हे नोटरी आहेत. बिचारे कागद घेऊन रांग लावतात. मी एकदा म्हटलं, "मामा, तुम्हाला ही यंत्रं एवढी नकोत, मग तुम्ही फोन कशाला वापरता?" तर शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तक्रार टाकायची तर तक्रारपेटीपर्यंत जायला नको का?" मी गुपचूप सात-बाराच्या प्रती काढत बसलो.

मामींना या कामाचं कौतुक बेताचंच. "यांच्या मताशिवाय तिकडे सगळं अडून पडलंय," असं त्या भाकरी थापता थापता म्हणतात, आणि मामांना ते खरं वाटतं. झोपेचं मोजमाप करणाऱ्या घड्याळाची बातमी आली तेव्हा मामांनी लिहिलं होतं, 'मी रात्री किती घोरलो हे सांगण्यासाठी घरात व्यवस्था आहे व ती बिनचार्जिंगची आहे.' ते मामींना कुणीतरी वाचून दाखवलं. त्यानंतर आठवडाभर मामांच्या डब्यात दोडकी आली. बातमीखाली पोरंसोरंही त्यांची टर उडवतात. एकाने विचारलं, 'काका, आज गोळी घेतली का?' मामांनी उत्तर दिलं, 'होय, रक्तदाबाची, सकाळी साडेआठ वाजता. आता कृपया मुद्दा क्रमांक तीनवर यावे.' तो पोरगा पुन्हा दिसला नाही.

पण एक माणूस मुद्दा क्रमांक तीनवर यायचा. रोज यायचा. ते धुळ्याचे सर. दोंडाईच्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि धुळ्यात देवपुरात राहणारे. मामांना जितकी प्रत्येक यंत्राची चीड, तितकं सरांना प्रत्येक यंत्राचं प्रेम. त्यांच्या प्रतिक्रियेचा पहिला शब्द ठरलेला असायचा, 'स्वागतार्ह'. त्याखाली ते मामांचे मुद्दे एकेक करून तपासायचे आणि गुण द्यायचे. 'मुद्दा एक, निरीक्षण बरे. मुद्दा दोन, तर्कात खोट. मुद्दा चार, विषय सोडून. दहापैकी तीन.' मामा भडकायचे. "मास्तर आहे की कोण आहे हा? मला गुण देतो?" असं दुकानभर ऐकवायचे आणि ताबडतोब खुलासा लिहायला घ्यायचे. पाच मिनिटांत चार्ज होणाऱ्या बॅटरीवर मामांनी लिहिलं की मग माणसाने दोन तास निवांत बसायचं कुठल्या निमित्ताने, तेव्हा सरांनी सात दिले होते. त्या दिवशी मामांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. तीन वर्षं हे चाललं. एकमेकांना कधी पाहिलं नाही, कधी फोन केला नाही. मी मनात म्हणायचो, या दोघांना भांडायला दुसरं कुणी मिळालं नाही हे दोघांचं नशीब.

मग या हिवाळ्यात वर्गात शिकवणाऱ्या यंत्राची बातमी आली. मामा त्या दिवशी कशावरून तरी तापलेलेच होते. त्यांनी सगळे मुद्दे झाल्यावर सहावा मुद्दा घातला, 'धुळे येथील शिक्षक महोदय नेहमीप्रमाणे स्वागत करतीलच. त्यांच्या वर्गातील मुलांनाही त्या काळी यंत्रच बरे वाटले असते.' मी वाचलं आणि म्हटलं, "मामा, हे जरा जास्त होतंय." "होऊ दे," म्हणाले, आणि पाठवलं.

सरांचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्यानंतर चांगल्या पाच-सहा बातम्या येऊन गेल्या, एक तर चंद्रावर घरं छापणाऱ्या यंत्राची होती, जिच्यावर सर एरवी पानभर नाचले असते. खाली फक्त मामांची हरकत, एकटी. मामांनी कचेरीच्या रिवाजाप्रमाणे आठव्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक एक टाकलं. सोळाव्या दिवशी क्रमांक दोन. चोविसाव्या दिवशी क्रमांक तीन टाकलं तेव्हा त्यांचा डबा तसाच परत गेला. मामी मला फोनवर म्हणाल्या, "जेवण सुटलंय यांचं. विचार ना काय झालंय." विचारलं, तर मामा रजिस्टरकडे बघत म्हणाले, "माझ्या लिहिण्याने माणूस दुखावला रे. शिक्षकाला असं बोलायला नको होतं." आणि थोड्या वेळाने, "तिसऱ्या स्मरणपत्रानंतर समक्ष जायचं असतं. उद्या दुकान बंद ठेव."

दुकान बंद ठेवलं. काय करणार, सासुरवाडी. मामांनी मेहरूणची बोरं पिशवीभर घेतली आणि आम्ही धुळ्याची एसटी धरली. अख्ख्या रस्त्यात मामा एका शब्दाने बोलले नाहीत, पारोळ्याला खरोखरच म्हैस आडवी बसली होती तरी नाही. पत्ता म्हणजे सरांनी पूर्वी एका भांडणात लिहिलेलं वाक्य, की देवपुरात पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यात आधी सोलर माझ्या गच्चीवर बसलं, विश्वास नसेल तर येऊन बघा. आम्ही टाकीपाशी उभं राहून गच्च्या बघत होतो. एका बाईंनी दारातून विचारलं कोण पाहिजे. मामांनी सरांचं नाव सांगितलं आणि आपलंही, तर त्या बघतच राहिल्या.

"जयगावना हरकतवाला बाबा तुम्हीच का?" त्या सरांच्या सूनबाई होत्या, बोलणं अहिराणी. "या, मझार या," म्हणत त्यांनी आम्हाला आत नेलं.

सर पलंगावर होते. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. "बठ्ठं समजस त्यास्ले," सूनबाई म्हणाल्या. सगळं समजतंय हे सरांच्या डोळ्यांतही दिसत होतं. "फक्त बोलता येत नही. लिखाले बसाडं तर अक्षरंबी जुळत नहीत." मामांनी झटक्याचा दिवस विचारला. तो त्या सहाव्या मुद्द्याच्या आदल्या दिवसाचा निघाला. मला हायसं वाटलं, मामांना मुळीच नाही. म्हणजे तो मुद्दा सरांनी दवाखान्यात पडल्या पडल्या ऐकला होता. सूनबाई रोज मामांचं सगळं त्यांना वाचून दाखवत होत्या, तिन्ही स्मरणपत्रंसुद्धा. "उत्तर मी काय लिखू?" त्या म्हणाल्या. "त्यास्ना मनमा काय शे, मले काय ठाव?"

मामा स्टुलावर बसले. बोरांची पिशवी मांडीवरच होती. खाकरून म्हणाले, "सर, मुद्दा क्रमांक सहा मी बिनशर्त मागे घेतो. तुमच्यासारखा शिक्षक मला मिळाला असता तर मी आवक-जावकला राहिलो नसतो." पांघरुणातून सरांचा डावा हात निघाला आणि दोन बोटं वर झाली. मला काही कळेना. मामांना कळलं.

"दहापैकी दोन देताहेत," असं म्हणाले, आणि तिथेच, परक्या घरात, स्टुलावर बसून रडले. सरांचं अर्धं तोंड हसत होतं.

तेव्हापासून मामांची रविवारची सुट्टी धुळ्यात जाते. आठवड्याच्या बातम्या वाचतात, त्यावरची स्वतःची हरकत वाचतात, आणि मग सरांच्या बाजूने तिचं उत्तर तयार करतात. "इथे मी चुकलो असं म्हणू?" असं विचारतात. सरांनी मान हलवली की पुढे, नाही हलवली तर आणखी कडक लिहितात. सूनबाई ते सरांच्या फोनवरून टाकतात. म्हणजे हल्ली 'स्वागतार्ह' लिहिणारेही मामाच. वाचणाऱ्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना एवढंच दिसतं की जळगावकर काका अलीकडे दर रविवारी सपाटून हरतात.

गेल्या महिन्यात एक बातमी आली. ज्याची वाचा गेली आहे त्याच्या डोक्यातले शब्द ओळखून बोलून दाखवणारं यंत्र परदेशात कुठेतरी तयार होतंय म्हणे. प्रयोग चालू आहेत, माणसांच्या हातात यायला किती वर्षं लागतील कुणी सांगत नाही. मामांनी ती दुकानात तीनदा वाचली आणि काही न लिहिता फोन ठेवून दिला. रविवारी मी मुद्दाम सोबत गेलो. मामांनी सरांना सगळी बातमी सावकाश वाचून दाखवली. सर डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर मामा त्यांच्या पांघरुणाची कड नीट करत म्हणाले, "सर, हे आलं की पहिलं वाक्य माझ्याविरुद्ध बोलायचं. दुसरं काही बोललात तर मी ऐकणार नाही."

सरांना आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. मामा त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. मला त्या दोघांचं वय मोजायला आवडत नाही, पण मोजलं जातं. मामा अकराला येतात, खुर्चीवर बसतात आणि हल्ली सगळ्यात आधी त्या यंत्राचं पुढे काय झालं ते शोधतात. मीही कागद लावता लावता विचारतो, "आलं का मामा?"

"अजून नाही," ते म्हणतात. "एवढा वेळ काय करताहेत लेकाचे?"